कणगीत राहिलेली हाक

दत्ता, तुझ्या फोटोला घातलेला हार अजून सुकलेला नाही आणि मला तो फोटो भिंतीवरून ओढून अंगणात आपटावासा वाटतोय. फोटोत तू हसतोयस. त्या हसण्याचाच जास्त राग येतो. स्वतःच्या हातानं चारलेल्या बैलाच्या पायाखाली मेलास, आणि वर दात काढतोस.

शोकसभेत तुझ्याबद्दल काय काय बोलले, ऐकायला हवं होतंस. शांत स्वभावाचा. मनमिळाऊ. कुणाला कधी दुखावलं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून हातातली पाण्याची बाटली चुरगाळत होते. माझा पुढचा दात तू पाडलास, तो अजून खोटा आहे. तुझ्या कपाळावर मी पाट मारला होता, त्याची खूण फोटोतही दिसते. यांना कुठला दत्ता भेटला होता कोण जाणे.

बायका हळूच विचारतात, तू कोण गं त्याची? काय सांगू? भाडेकरूची पोरगी. बाबा बीडहून इकडे कंपनीत कामाला आले, दिघीत तुमच्या चाळीतली कोपऱ्यातली खोली घेतली, आणि आपण दोघं एकाच अंगणात मारामाऱ्या करत वाढलो. राखी तू कधी बांधून घेतली नाहीस. "एकदा बांधली की मंग भांडता येत न्हाई नीट," म्हणायचास. पुढे मी हिंजवडीला सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागले, ताथवड्यात फ्लॅट घेतला. तू गोठ्यात राहिलास आणि गावोगावच्या बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ काढू लागलास. भांडण तेवढं फोनवर चालू राहिलं.

बाबांचा हात कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये गेला तो दिवस मी कुणाला सांगत नाही, पण तुझ्याशी त्याबद्दल बोलायचं राहिलं. ठेकेदार म्हणत होता, रिक्षा बोलावलीय, येईल. बाबा जमिनीवर बसलेले, हाताला गुंडाळलेलं पोतं लाल होऊन ठिबकतंय, आणि तो फोनवर बोलतोय. तू आत शिरलास, त्याच्याच केबिनमधली खुर्ची उचललीस आणि काचेतून बाहेर फेकलीस. मग त्याच्या टेबलावरची किल्ली घेऊन त्याच्याच गाडीत बाबांना घालून नेलंस. बाबांची दोन बोटं वाचली. त्या बोटांनी ते आजही पेपरचं पान उलटतात. मी तुला तेव्हा आभाराचा एक शब्द बोलले नाही. "गाडीवर ओरखडा पाडलास तो कोण भरणार?" एवढंच विचारलं होतं.

आणि मग ते तुझं फुटलेलं तोंड घेऊन तू ताथवड्याला आलास. वॉचमन आत सोडेना. मी खाली आले तर एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, शर्टाची बाही खांद्यापासून गायब. चाकणच्या पलीकडे कुठल्याशा गावच्या यात्रेत शर्यत होती. घाटावर, त्या शर्यतीच्या चढणीवर, गाडा रेषेवर पोचायच्या आधीच झेंडा खाली आला, खोटेच सेकंद कमी लागले, आणि ते तुझ्या कॅमेऱ्यात दिसत होतं. मांडवामागं गाठून पाचसहा जणांनी तुला आडवा केला. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडानं चेचलं. त्याच दगडानं मग तुझं तोंड.

मी हळद शोधत होते आणि तू माझ्या सोफ्यावर रक्त सांडत बसला होतास. "वैशे," म्हणालास, "फोडून संपनार न्हाई असं कायतरी बांध."

तसं आपण ते बांधलं. भोसरीच्या भंगारातून एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. त्याचं पोट रिकामं करून दोन नव्या डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवर आपोआप उमटेल, एक मेली तरी दुसरी जिवंत, असं मी तुला समजावलं. घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर त्यातलं काढून बघता येईल. वर्षानुवर्षं दुसऱ्या कंपनीला भाडं देत बसायचं नाही, आपलं आपल्या घरात. हे ऐकून तू खूश झालास. "म्हंजी कणगी," म्हणालास. धान्य साठवायची कणगी तुमच्या घरी तुझ्या आजोबांनंतर कुणी पाहिली नव्हती, पण नाव तेच पडलं.

ठेवायची कुठे, यावर पहिलं मोठं भांडण झालं. घरात वीज गेली की अंधार, पण गोठ्यात इन्व्हर्टर होता, कारण तुझ्या लाडक्या बैलाला, चिमण्याला, पंखा लागायचा. जन्मला तेव्हा अंगानं एवढासा म्हणून चिमण्या, आणि वाढला तर दारातून शिंगं वाकडी करून आत घ्यावी लागायची. त्याला पंखा, त्याला मच्छरदाणी, त्याला दूध-अंडी. तुझी आई, आमच्या काकू, म्हणायच्या, माझ्या वाट्याला यानं कधी एवढं केलं न्हाई. शेवटी गोठ्याला लागून वैरणीची खोली होती, मध्ये नुसता पत्रा, तिथं कणगी बसली. भुशानं तिचा पंखा गच्च भरायचा. मी हिंजवडीत थंड खोलीत बूट काढून सर्व्हरजवळ जाणारी बाई, आणि तुझ्याकडे शेणात पाय देऊन केबल जोडत होते.

खंडेनवमी आठवते? मी फराळाला आले तर पाटावर कॅमेरा, गाड्याचं जू, वैरण तोडायचा कोयता, आणि त्यांच्या शेजारी हळदी-कुंकू फासलेल्या दोन्ही डिस्क. चालू मशीनमधून उपसून काढल्या होत्यास. आधी बंद तरी करायचं, एवढं सुद्धा नाही. वर ओल्या फडक्यानं पुसल्याही होत्यास. माझ्या हातात तांब्या होता तो मी फेकला, तुझ्या कानाला लागला, आणि तू कोयत्यावर फूल वाहत म्हणालास, "हत्याराची पूजा चालू हाय, गप बस." त्या डिस्क जागेवर बसवून परत जुळून येईपर्यंत मी तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या. काकू जेवायला वाढत होत्या आणि हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

त्यानंतर मी ते जोडून दिलं, ज्याचा तुला भलताच माज चढला. घाटावर कॅमेरा चालू असला की फोनमार्फत चित्र तिथल्या तिथं दिघीच्या कणगीत पडायचं, आणि नवीन काही आलं की माझ्या फोनवर एक छोटी सूचना. मग कुणी कॉलर धरली की तू स्वतःच कार्ड काढून समोर धरायचास. घे, फोड, घरी पोचलंय. दोनदा मार खाल्लास त्या उर्मटपणापायी, पण एकही बारी, गाड्याची एकही धाव, हरवली नाही.

दोन भांडणं मात्र अर्धी राहिली.

पहिलं माझं. दोन डिस्क एकाच डब्यात असल्या तर डबा गेला की दोन्ही गेल्या, एक प्रत घराबाहेर पाहिजे, मी ताथवड्याला ठेवते. तू म्हणायचास, माझी कणगी लोकाच्या घरी कशाला? मी तुला सांगूनच ती ठेवली. तू शिव्या दिल्यास आणि आठवडाभर फोन घेतला नाहीस. लोक म्हणे. मी लोक!

दुसरं तुझं. काही पुसायचं नाही. घाटात कोसळलेला बैल, चाकाखाली पाय गेलेला माणूस, तुझ्या स्वतःच्या मारहाणीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ, सगळं जपून. मी म्हणायचे, हे कशाला साठवतोस रे, घाण. तू म्हणायचास, "झालं ते झालं. पुसून काय न झाल्यासारखं व्हतंय व्हय?" मग मी विषय बदलायचे.

आणि चिमण्याची ती सवय तूच लावलीस. तुझी हाक आल्याशिवाय तो तोंड लावायचा नाही. तू "ये चिमण्या, ये रं माझ्या राजा" म्हणायचं, हातात कणकेचा गोळा धरायचा, मग तो दाव्याला ताण देऊन पुढे यायचा. तू लग्नाकार्याला गेलास की उपाशी. मग तू तीच हाक रेकॉर्ड करून कणगीत टाकलीस आणि वैरणीच्या खोलीतल्या स्पीकरवर लावून ठेवू लागलास. मुळात तो स्पीकर बैलांना घाटावरच्या गोंगाटाची सवय व्हावी म्हणून लावलेला. संपतदादा, तुझा थोरला, डोक्याला हात लावायचा. "बायकुला एवढी हाक मारली आसती तर लगीन टिकलं आसतं," म्हणायचा. तू हसायचास.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. फोनवर सूचना येत होत्या, बारीमागून बारी, मी बघितल्या नाहीत. मग संपतदादाचा फोन आला. तो नुसता तुझं नाव घेत होता. मागं भोंग्यावर कुणीतरी नावं पुकारत होतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसले आणि शेवटची सूचना उघडली.

सगळे सांगतात, बैल बिथरला. बिथरला नाही, दत्ता. आधी गाड्यापुढं पळणारी घोडी आली, घोडीवाला बाजूला झाला. मागून तुमचे चार बैल, आतल्या बाजूला चिमण्या, तोंडाला फेस. आणि माइकच्या अगदी जवळ तुझा आवाज. गोठ्यातल्यासारखा. ये चिमण्या! ये रं माझ्या राजा, ये! दुसऱ्याच्या गाड्याला तू कधी हाक मारली नसतीस, रेषेच्या पुढं उभाही राहिला नसतास. घरचा बैल म्हणून तू कॅमेरा घेऊन आत सरकलास. गाड्यानं रेषा ओलांडली. बैल धरणारे डावीकडे उभे होते, तीन बैल तिकडे वळायला लागले. चिमण्या वळला नाही. त्यानं जू वाकडं ओढलं, तिघांना फरफटवलं आणि अख्खा गाडा घेऊन सरळ तुझ्याकडे आला. तुझा आवाज तरी थांबायचा होता! तू तेव्हाही हसत होतास, ते ऐकू येतं. मग छाती, मग खूर, मग आभाळ. कॅमेरा आडवा पडला. त्यात गवत दिसतं, फिरणारं चाक दिसतं, आणि तुझा तळहात, उघडा. त्यात कणकेचा गोळा होता, दत्ता. मूर्खा, घाटावर तू गोळा घेऊन गेला होतास.

भोंग्यावर सेकंद पुकारले. दिवसातली सगळ्यात वेगवान बारी. लोकांनी भंडारा उधळला, तो पिवळा पिवळा तुझ्या हातावर पडताना दिसतो. त्यांना कळायला वेळ लागला.

दुसऱ्याच दिवशी एकाने फोन करून ती क्लिप मागितली. श्रद्धांजली म्हणून गाणं लावून टाकतो म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तू ऐकलं असतंस तर टाळी दिली असतीस.

सुतक फिटायच्या आधीच ते झालं. मी सकाळी दिघीला आले तर अंगणात माणसं उभी. भिंतीपलीकडे लष्कराच्या जागेत सरावाच्या गोळ्या वाजत होत्या. गोठ्यात चिमण्या एकटा, बाकीचे तीन दुसरीकडे नेलेले. तू गेल्यापासून तुझी रेकॉर्ड केलेली हाक कुणी लावली नव्हती आणि त्यानं कशाला तोंड लावलं नव्हतं, बरगड्या वर आल्या होत्या. समोर संपतदादा, हातात तोच कोयता, पूजेतला. डोळे लाल. आणि काकू दारात बसलेल्या, त्याला अडवत नव्हत्या.

"काप," म्हणत होत्या. "माजं लेकरू खाल्लं त्यानं. काप त्याला."

मी मध्ये गेले. का गेले सांगू? बैलाची मला माया नव्हती, मला तर तो शिंगं मारायचा. पण तुझं सगळं प्रेम त्या जनावरात भरलेलं होतं, आणि तेच कापून उकिरड्यावर पडलेलं मला बघवलं नसतं.

"बाजूला हो वैशे," संपतदादा म्हणाला. "खुनशी झालाय त्यो. मानूस वळखत न्हाई."

मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं तर काकूंना कळणार होतं की त्यांच्या पोरानं स्वतःच्या तोंडानं मरण बोलावलं. नाही सांगितलं तर कोयता पडणार होता. तू माझ्या जागी असतास तर खुर्ची फेकली असतीस. माझ्याजवळ खुर्ची नव्हती.

"दादा, त्यानं हाक मारली होती."

"कुनी?"

"दत्तानं. चिमण्याला. घाटावर."

"खोटं बोलू नगंस. आमी काय भैरं हाय का? तितं व्हतो की."

"तुम्ही खाली होतात, गाडा सोडायला. कणगीत आहे ते. ऐका."

काकूंनी मान वर केली. मी फोन काढला आणि वैरणीच्या खोलीतल्या स्पीकरवर तेवढीच हाक लावली, बोट थांबवायच्या खुणेवर धरून. भोंग्याचा गोंगाट, घोडीच्या टापा, आणि मग तू. पत्र्यापलीकडून, मोठ्यानं, जिवंत. ये चिमण्या! ये रं माझ्या राजा, ये!

मी थांबवलं. पण चिमण्या उठला होता.

एवढे दिवस आडवा पडलेला बैल असा उठला की खुंटा मुळासकट उपटून आला. संपतदादा वाटेत होता, त्याला खांद्यानं उडवला, तो गव्हाणीत पडला, कोयता हातातून सुटून भिंतीवर खणखणला. चिमण्यानं पत्र्यात डोकं घातलं. पत्रा फाटला, त्याचं कपाळ फाटलं, आणि तो तसाच आरपार तुझ्या आवाजाकडे गेला. स्पीकर, फळी, केबल, आणि खाली आपली कणगी. खुरांखाली तो डबा पापडासारखा वाजला. दोन्ही डिस्क बाहेर आल्या आणि त्यांच्यावर त्याचे पाय पडत राहिले, कारण तो तुला शोधत होता. कोपरे हुंगत होता, तुटक्या स्पीकरला चाटत होता. मग जीभ बाहेर काढून उभा राहिला, गोळ्यासाठी. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं.

काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, पोळ्यांची कणिक मळून ठेवलेली होती तिचा गोळा घेऊन आल्या. माणसं नको नको म्हणत असताना त्या फाटक्या पत्र्यातून आत शिरल्या, त्याच्या शिंगांखाली. आणि त्याला मारायला लागल्या. दोन्ही हातांनी, तोंडावर, मानेवर, जीव खाऊन, कणिक हातात तशीच. "बोलावलं म्हून आलास व्हय रं मुडद्या! बोलावलं म्हून आलास!" तो मान खाली घालून मार खात राहिला. मारता मारता त्यांचा हात त्याच्या तोंडाशी गेला आणि त्यानं गोळा घेतला. मग त्या त्याच्या गळ्यात पडून ओरडल्या, आणि तो खात होता. संपतदादा गव्हाणीतून उठलाच नाही, तिथंच वैरणीत तोंड खुपसून रडला.

आता तो खातो. काकूंच्या हाताचं. शर्यतीला पुन्हा जुंपायचा नाही, असं संपतदादानं सांगून टाकलंय. कोयता त्यानं कुठं टाकला, मी विचारलं नाही.

तर अर्ध्या राहिलेल्यांतलं पहिलं भांडण मी जिंकले, दत्ता. फोडून न संपणारी तुझी कणगी तुझ्याच बैलानं फोडली आणि दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. उरली ती ताथवड्याची, लोकाच्या घरची. सगळं आहे तिच्यात. एकूण एक बारी, तुझा फुटलेला चेहरा, गोठ्यातल्या हाका. आणि ती शेवटची.

आज मी ती पुन्हा उघडली. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, त्याचा आवाज मला दे कवातरी. म्हणून हाकेपर्यंतचं वेगळं काढून ठेवलं. पुढचं पुसलं. छाती, खूर, आभाळ, गवत, चाक, तो पिवळा हात, सगळं. परत आणता येणार नाही असं पुसलं, मला ते काम येतं. तुझा नियम मोडला. न झाल्यासारखं झालं नाही, ते मला कळतंय, पण तो हात मी तुझ्या आईला बघू देणार नाही.

चूक वाटत असेल तर ये भांडायला. शिव्या दे, तांब्या फेक, उरलेले दात पाड. मी दार उघडं ठेवलंय आणि तुझ्याच शब्दांत हाक मारतेय, ये रं माझ्या राजा, ये. त्या जनावराला एका हाकेला यायचं कळलं. तू ये ना.